वुल्झली, रोलंड एडगर

वुल्झली, रोलंड एडगर : (१९०४–९८). वृत्तपत्रविद्येचे अमेरिकन प्राध्यापक, नियतकालिकांचे अभ्यासक व ग्रंथकार. न्यूयॉर्क राज्यातील सिरक्यूस विद्यापीठात १९४६ पासून १९७२ पर्यंत त्यांनी अध्यापन केले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांचा विस्तृत परामर्श घेणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. नागपूर येथील हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये वृत्तपत्रविद्येचा विभाग त्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाला, त्यामुळे महाराष्ट्रातील वृत्तपत्रविद्येच्या अध्यापनाच्या इतिहासातही त्यांना स्थान आहे. त्यांचे व्यक्तिगत कागदपत्र सिरक्यूस विद्यापीठाच्या ग्रंथालयातील विशेष संग्रहात जतन करण्यात आले आहेत.

वुल्झली यांचा जन्म न्यूयॉर्क शहरात झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी जोसेफ पुलिट्झर या वृत्तपत्रस्वामीने पत्रकारांसाठी महाविद्यालय असावे, या आपल्या कल्पनेचे समर्थन करणारा प्रदीर्घ लेख प्रसिद्ध केला होता. पत्रकार हा जन्मावा लागतो, तो घडविता येत नाही, हे मत तेव्हा वृत्तपत्रव्यवसायात रूढ होते. बातमीदाराने कचेरीत उमेदवारी करावी आणि उपसंपादकाच्या लाल पेन्सिलीखाली शिकावे, अशीच रीत होती. मिसूरी विद्यापीठात वॉल्टर विल्यम्स यांच्या नेतृत्वाखाली १९०८ मध्ये वृत्तपत्रविद्येचे स्वतंत्र विद्यालय निघाले. पुलिट्झर यांच्या देणगीतून कोलंबिया विद्यापीठातील विद्यालय १९१२ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, उभे राहिले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील मेडिल विद्यालय १९२१ चे. वुल्झली यांचे शिक्षण या शेवटच्या विद्यालयाच्या परंपरेत झाले. तत्पूर्वी व त्यानंतरही त्यांनी दैनिकांतून काम केले. इलिनॉय राज्यातील एव्हन्स्टन येथील स्थानिक दैनिकात त्यांनी संपादकीय जबाबदारी सांभाळली आणि मग नॉर्थवेस्टर्न येथे ते अध्यापक झाले. महाविद्यालयात शिकून पत्रकार झालेल्या आणि पुढे तीच विद्या शिकविणाऱ्या आरंभीच्या पिढ्यांपैकी ते एक होत. या पिढीला दोन्ही बाजूंनी आपले समर्थन करावे लागे. वृत्तपत्रवाले त्यांना पुस्तकी समजत, तर विद्यापीठातील अन्य शाखांचे विद्वान त्यांच्या विषयाला कारागिरी मानत. वुल्झली यांच्या लेखनाचा बराचसा भाग या दुहेरी आक्षेपाला दिलेले उत्तर म्हणून वाचता येतो.

लॉरेन्स कॅम्बेल यांच्या सहकार्याने लिहिलेले एक्सप्लोरिंग जर्नॅलिझम (१९४३) हे त्यांचे पहिले महत्त्वाचे पाठ्यपुस्तक. बातमी कशी लिहावी, एवढेच न सांगता वृत्तपत्रव्यवसायाची अंगोपांगे, त्यांतील नोकऱ्या आणि व्यवसायाचे समाजातील स्थान यांची ओळख नवागताला करून देणे हा त्याचा हेतू होता. त्याच जोडीचे न्यूजमेन ॲट वर्क (१९४९) हे बातमीदारीवरील पुस्तक आहे. क्रिटिकल रायटिंग फॉर द जर्नॅलिस्ट (१९५९) या ग्रंथात पुस्तक, नाटक, चित्रपट आदींच्या परीक्षणलेखनाचा विचार आहे. पत्रकारितेविषयीच्या ग्रंथांची सटीप सूची असलेले द जर्नॅलिस्ट्स बुकशेल्फ हे त्यांचे काम वरकरणी रूक्ष वाटते. परंतु १९३९ पासून जवळजवळ अर्धशतक त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या. ज्या विषयाला स्वतःची ग्रंथसंपदा आहे, तो विषय केवळ कारागिरी नव्हे, हे अशी सूची कोणताही वाद न घालता दाखवून देते. ख्रिस्ती धर्मसंस्थांची नियतकालिके व त्यांतील लेखनव्यवसाय यांवरही वुल्झली यांनी पुस्तके लिहिली. इंटरप्रिटिंग द चर्च थ्रू प्रेस अँड रेडिओ (१९५१) हे त्यांपैकी एक. त्यांचे विषयक्षेत्र येथे काहीसे संकुचित होते.

सिरक्यूस विद्यापीठातील वृत्तपत्रविद्या विद्यालय १९३४ मध्ये स्थापन झाले होते. तेथे वुल्झली यांनी नियतकालिक-पत्रकारितेच्या विभागाची धुरा सांभाळली. दैनिकाची बातमीदारी हाच तोवर अमेरिकन विद्यालयांचा मुख्य विषय असे. साप्ताहिक व मासिक यांचे संपादन हे वेगळे शास्त्र आहे, त्याचे वाचक निराळे, त्याची जाहिरात निराळी आणि लेखाची घडणही निराळी, ही भूमिका वुल्झली यांनी आग्रहाने मांडली. द मॅगझीन वर्ल्ड (१९५१), अंडरस्टँडिंग मॅगझीन्स (१९६५) आणि द चेंजिंग मॅगझीन (१९७३) हे तीन ग्रंथ एकापाठोपाठ वाचले असता अमेरिकन नियतकालिकांच्या सुमारे पंचवीस वर्षांच्या स्थित्यंतराचा आलेख मिळतो. पहिला ग्रंथ निघाला तेव्हा लक्षावधी खपाची, सर्व कुटुंबाने वाचावयाची सचित्र साप्ताहिके भरभराटीत होती. तिसरा ग्रंथ निघण्यापूर्वी कॉलिअर्स (१९५६), सॅटर्डे ईव्हिनिंग पोस्ट (१९६९), लुक (१९७१) आणि साप्ताहिक रूपातील लाइफ (१९७२) ही एकामागून एक बंद पडली होती. यांतील काही पुढे वेगळ्या स्वरूपात पुन्हा निघाली, परंतु त्यांचे पूर्वीचे वर्चस्व परत आले नाही. वाचक कमी झाले म्हणून ही पत्रे बुडाली नाहीत. लुक आणि लाइफ यांचे वर्गणीदार अखेरपर्यंत लक्षावधी होते. अंक वाचकाला खर्चापेक्षा पुष्कळच कमी किंमतीत द्यावयाचा आणि तूट जाहिरातीतून भरून काढावयाची, या हिशेबावर ती उभी होती. दूरचित्रवाणी येताच राष्ट्रव्यापी जाहिरातदार तिकडे वळला, टपालहशील वाढले आणि प्रत्येक नवा वर्गणीदार तोट्यात भर घालू लागला. उलट एखादा छंद, व्यवसाय किंवा वयोगट यांपुरती मर्यादित असलेली मासिके टिकली, कारण त्यांच्या जाहिरातदाराला नेमका ग्राहक हवा होता. मराठी मासिकांच्या संदर्भात ही मीमांसा जशीच्या तशी लागू करता येणार नाही. आपल्याकडील मासिकांचा खप आणि जाहिरात यांचे प्रमाण कधीच इतके मोठे नव्हते.

अमेरिका व भारत यांच्यातील शैक्षणिक विनिमयाचा फुलब्राइट करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. या योजनेखाली वुल्झली १९५२-५३ या शैक्षणिक वर्षात नागपूरला आले. नागपूर हे तेव्हा जुन्या मध्य प्रदेश राज्याच्या राजधानीचे शहर होते. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. स्कॉटिश मिशनरी आणि भूवैज्ञानिक स्टीव्हन हिस्लॉप (१८१७–६३) यांच्या नावाचे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ पासून तेथे चालत आले होते. वृत्तपत्रांच्या दृष्टीने या शहराची निवड अनुरूप ठरली. एकाच गावात मराठी, हिंदी व इंग्रजी या तिन्ही भाषांची दैनिके निघत. १९११ पासूनचे हितवाद हे इंग्रजी पत्र, ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या संपादकत्वाखालील तरुण भारत आणि हिंदीतील नवभारत ही त्यांपैकी ठळक. विद्यार्थ्याला तीन भाषांतील वृत्तपत्रांचे व्यवहार पायी फिरून पाहता यावेत, अशी सोय मुंबई-कलकत्त्यासारख्या अफाट शहरांतही सहजी नव्हती.

भारतात वृत्तपत्रविद्येचे अध्यापन तेव्हा अगदीच नवखे नव्हते. ॲनी बेझंट यांनी १९२० मध्ये अड्यार येथील राष्ट्रीय विद्यापीठात त्याचा प्रयत्न केला होता. अलीगढ येथे १९३८ मध्ये एक अल्पजीवी अभ्यासक्रम निघाला. लाहोर येथे पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग यांनी १९४१ मध्ये स्थापन केलेला विभाग फाळणीनंतर दिल्लीत व १९६२ मध्ये चंडीगढला गेला. मद्रास, कलकत्ता व म्हैसूर येथील विभाग १९४७ ते १९५१ या काळातले. हिस्लॉप येथील विभाग या मालिकेतील पुढचा होय. त्याचे वैशिष्ट्य असे, की तो विद्यापीठाच्या नव्हे तर एका महाविद्यालयाच्या आश्रयाने वाढला. आधी सिरक्यूस येथे अध्ययन केलेले आणि पुढे भारतीय संज्ञापन-अध्यापनातील अग्रणी म्हणून ओळखले गेलेले के. ई. ईपन यांनी या विभागात अनेक वर्षे काम केले. नंतर केरळ व बंगलोर विद्यापीठांतील या विषयाच्या उभारणीशी त्यांचे नाव निगडित झाले. नागपूर विद्यापीठाने पुढे आपला स्वतंत्र विभाग चालविला. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभाग निघाला तो १९६४ मध्ये, म्हणजे हिस्लॉपनंतर एका तपाने.

वुल्झली यांचे नागपुरातील वास्तव्य एका वर्षाचे. इतक्या अल्प अवधीत परदेशी अध्यापक काय साधणार, ही शंका रास्त आहे, आणि तिचे एक उत्तर ग्रंथरूपाने उपलब्ध आहे. मुंबईच्या एशिया पब्लिशिंग हाउसने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेला जर्नॅलिझम इन मॉडर्न इंडिया हा त्यांनी संपादित केलेला लेखसंग्रह होय. त्याची सुधारित आवृत्ती १९६४ मध्ये निघाली. अमेरिकन पाठ्यपुस्तके भारतीय विद्यार्थ्याच्या हाती द्यावीत, तर त्यांतील उदाहरणे, कायदे, वेतनमान आणि वाचक हे सारेच परके. म्हणून भारतीय वृत्तपत्रसृष्टीविषयी तिच्याच जाणकारांकडून लिहवून घेऊन ते एकत्र करण्याचा मार्ग संपादकाने पत्करला. पहिला वृत्तपत्र आयोग न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमला गेला आणि त्याचे प्रतिवृत्त १९५४ मध्ये आले. श्रमिक पत्रकारांच्या सेवाशर्तींचा कायदा १९५५ चा व वृत्तपत्र निबंधकाचे कार्यालय १९५६ चे. ही चौकट आकार घेण्याच्या ऐन आधीची भारतीय पत्रसृष्टी या संग्रहात दिसते. पाठ्यपुस्तक म्हणून तो केव्हाच कालबाह्य झाला. इतिहासाचे साधन म्हणून मात्र त्याचे मोल त्याच कारणाने वाढले आहे. भारतातील अनुभवांवर आधारित फेस टू फेस विथ इंडिया (१९५४) हे त्यांचे छोटेखानी पुस्तक अमेरिकन वाचकांसाठी होते. त्याचे महत्त्व त्या मानाने कमी.

आयोवा स्टेट विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला द ब्लॅक प्रेस, यू. एस. ए. हा वुल्झली यांचा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ होय. त्याची दुसरी आवृत्ती १९९० मध्ये निघाली. सॅम्युएल कॉर्निश व जॉन रसवर्म यांनी न्यूयॉर्क येथे १६ मार्च १८२७ रोजी सुरू केलेले फ्रीडम्स जर्नल हे कृष्णवर्णीयांचे पहिले वृत्तपत्र. आपले दर्पण त्यानंतर पाच वर्षांनी निघाले. फ्रेडरिक डग्लस यांचे नॉर्थ स्टार (१८४७), रॉबर्ट ॲबट यांचे शिकागो डिफेंडर (१९०५) आणि जॉन जॉन्सन यांची एबनी (१९४५) व जेट (१९५१) ही नियतकालिके अशी ही दीर्घ परंपरा आहे. परंतु वृत्तपत्रविद्येच्या रूढ पाठ्यपुस्तकांत तिला जेमतेम एखादा परिच्छेद मिळे. ग्रंथालयेही या पत्रांच्या संचिका नियमाने ठेवीत नसत. शहरी दंगलींची चौकशी करणाऱ्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रे गोऱ्यांच्या दृष्टीने लिहितात व कृष्णवर्णीयांचे जीवन त्यांत उमटत नाही, असा ठपका ठेवला. त्यानंतर तीन वर्षांनी हा ग्रंथ आला.

कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र कशाला म्हणावे, हा या ग्रंथातील कळीचा प्रश्न. केवळ त्या समाजाविषयी लिहिणारे पत्र या संज्ञेस पात्र होत नाही. त्याची मालकी व व्यवस्थापन कृष्णवर्णीयांकडे असावे, ते त्याच वाचकांना उद्देशून असावे आणि त्या समाजाची बाजू घेऊन त्याच्या हक्कांसाठी झगडणारे असावे, असे निकष वुल्झली यांनी सुचविले. ही व्याख्या पुढील अभ्यासकांनी वारंवार उद्धृत केली आणि तिच्यावर टीकाही केली. व्यवहारात काटेकोर निकष फार थोडी पत्रे पूर्ण करतात. कागद, छपाई व जाहिरात यांसाठी बहुतेकांना बाहेरच्या भांडवलावर विसंबावे लागे. शिवाय स्वतः लेखक गोरा. त्या समाजाच्या वृत्तपत्रांचा इतिहास त्याने लिहावा का, असाही प्रश्न होता. दीनबंधू (१८७७) आणि मूकनायक (१९२०) यांची परंपरा जाणणाऱ्या मराठी वाचकाला या वादातील ताण सांगावयास नको. वुल्झली यांनी पत्रांचे खप, मालकी, जाहिराती, वृत्तसंस्था, संपादकांची शिक्षणस्थिती आणि आर्थिक अडचणी यांची तपशीलवार माहिती जमवून ठेवली आणि निवाडा बव्हंशी वाचकावर सोपविला. हा त्यांच्या पद्धतीचा गुण तसाच तिची मर्यादाही आहे: त्यांच्या पानांत माहिती भरपूर मिळते, परंतु त्या पत्रांतील संताप व विनोद यांची धग लागत नाही. गोऱ्यांच्या दैनिकांनी कृष्णवर्णीय बातमीदारांना नोकऱ्या देण्यास सुरुवात केल्यावर जुन्या पत्रांचे कर्तबगार लेखक तिकडे गेले आणि समतेच्या लढ्यातील यश त्या पत्रांच्याच मुळावर आले, ही विसंगती मात्र त्यांनी नेमकी टिपली आहे. निवृत्तीनंतरही या विषयाचा त्यांचा व्यासंग सुटला नाही. ब्लॅक अचीव्हर्स इन अमेरिकन जर्नॅलिझम हे त्यांचे पुस्तक १९९५ मध्ये, त्यांच्या वयाच्या नव्वदीनंतर निघाले. स्टिल इन प्रिंट (१९८५) हे त्यांचे आत्मचरित्र होय.

संपादक किंवा राजकारणी यांच्या कागदपत्रांचे मोल सर्वांस पटते, प्राध्यापकाच्या कागदपत्रांचे सहसा पटत नाही. वुल्झली यांचे दप्तर विद्यापीठाने सांभाळले, यास म्हणूनच महत्त्व आहे. व्यक्तिगत दप्तर ही अभिलेखशास्त्रातील विशिष्ट संज्ञा आहे. संस्थेच्या कारभारात निर्माण झालेले कागद हे संस्थेचे अभिलेख. त्यांची मालकी संस्थेची असते. एखाद्या व्यक्तीकडे तिच्या आयुष्यक्रमात साचलेली पत्रे, टिपणे, हस्तलिखिते, कात्रणे व छायाचित्रे यांचा संच म्हणजे तिचे व्यक्तिगत दप्तर, आणि ते ती व्यक्ती किंवा तिचे वारस दान देतात अथवा विकतात. प्राध्यापकाच्या बाबतीत ही सीमारेषा धूसर होते. विभागप्रमुख या नात्याने लिहिलेले पत्र संस्थेचे, की त्याचे स्वतःचे? बहुतेक विद्यापीठांत अशा दोन्ही प्रकारांची सरमिसळ होऊनच कागद ग्रंथालयात येतात.

असे दप्तर हाती आल्यावर अभिलेखपाल ते ग्रंथांप्रमाणे विषयवार लावीत नाही. एका व्यक्तीचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळावयाचे नाहीत, हे उगमतत्त्व. आणि त्या व्यक्तीने ज्या क्रमाने ते ठेवले होते, तो शक्यतो मोडावयाचा नाही, हे मूळ क्रमाचे तत्त्व. पुण्यातील पेशवे दप्तराच्या रुमालांशी परिचय असलेल्या वाचकाला यातील मर्म लगेच उमगेल: एकत्र बांधलेले दोन कागद जो संबंध सांगतात, तो ते सुटे केल्यावर नाहीसा होतो. त्यानंतर पत्रव्यवहार, लेखन, अध्यापन-साहित्य अशा मालिका पाडतात, आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत ते ठेवतात आणि पेट्या व पाकिटे यांची वर्णनसूची तयार करतात. संग्रहाचा आकार कागदांच्या संख्येने सांगत नाहीत. मांडणीवर तो किती लांबीची जागा व्यापतो, त्या फुटांत सांगतात. वृत्तपत्रांची कात्रणे ही सर्वांत नाशवंत वस्तू. स्वस्त वृत्तपत्री कागदातील आम्लामुळे ती पिवळी पडून ठिसूळ होतात व शेजारच्या कागदावरही डाग पाडतात, म्हणून त्यांची प्रत काढून मूळ कात्रण पुष्कळदा टाकून देतात. पत्रकारितेच्या प्राध्यापकाच्या दप्तरात नेमका याच वस्तूचा भरणा अधिक.

संशोधकाला या वर्गातील कागदांत जे मिळते, ते छापील ग्रंथांत मिळत नाही. पाठ्यपुस्तक अंतिम मत सांगते. व्याख्यानाची टिपणे वर्षानुवर्षे कशी बदलत गेली, हे दप्तर सांगते. संपादित ग्रंथातील लेखकांची निवड कशी झाली, कोणी नकार दिला, कोणाचे लेख परत गेले, हे पत्रव्यवहारातून कळते. अध्यापकाला माजी विद्यार्थ्यांनी लिहिलेली पत्रे हा तर व्यवसायाचा अनौपचारिक इतिहासच असतो, कारण वृत्तपत्रांच्या कचेऱ्या आपली अंतर्गत टिपणे क्वचितच राखतात. मात्र सर्वच कागद खुले नसतात. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या गुणनोंदींना संरक्षण दिले असल्याने त्या वेगळ्या काढाव्या लागतात. पत्राच्या कागदाची मालकी ग्रंथालयाकडे आली, तरी मजकुराचा प्रकाशनाधिकार पत्रलेखकाकडे किंवा त्याच्या वारसांकडे राहतो. तेथील कायद्यानुसार तो लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो, भारतात ६० वर्षे.

भारतात पत्रकारांची काही दप्तरे दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयात व अन्यत्र पोहोचली आहेत, परंतु वृत्तपत्रविद्येच्या अध्यापकांची दप्तरे जमविण्याचा प्रघात पडलेला नाही. त्यामुळे या विषयाच्या भारतीय अध्यापनाचा इतिहास विभागांच्या स्थापनावर्षांची यादी होऊन बसतो, आणि वर्गात प्रत्यक्ष काय शिकविले जात होते, हे कळण्यास स्मरणग्रंथांतील आठवणींवाचून दुसरे साधन उरत नाही. हिस्लॉप विभागाच्या आरंभवर्षाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला नागपूरमधील महाविद्यालयीन नोंदी, त्या वर्षीच्या स्थानिक दैनिकांच्या संचिका आणि सिरक्यूस येथील दप्तर, ही तिन्ही ताडून पाहावी लागतात.